ब्रिटनमध्ये सोल ट्रेडर म्हणून व्यवसाय सुरू करताना: व्हिसापासून पहिल्या टॅक्स बिलापर्यंत

ब्रिटनमध्ये स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू करायला भांडवलाची अट नाही, नोंदणीची फी नाही, आणि बहुतेक कामांना आगाऊ परवानगीही लागत नाही. सकाळी ठरवलं आणि दुपारी पहिलं गिऱ्हाईक केलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही सोल ट्रेडर झालात. एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, नोंदणी करायची ती नंतर, आणि तीही घरबसल्या. मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळ, मेंदी, शिकवण्या, फोटोग्राफी अशा जाहिराती येतच असतात. सुरुवात इतकी सोपी असल्यामुळेच पुढचं बिल अंगावर येतं. नोकरीत पगार हातात पडण्याआधी कर कापलेला असतो. धंद्यात कुणीच काही कापत नाही. सगळे पैसे खात्यात दिसतात आणि ते सगळे आपलेच वाटतात.

खालचे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. स्कॉटलंडमध्ये इन्कम टॅक्सचे दर वेगळे आहेत, ते तिथल्यांनी लक्षात ठेवावं.

सोल ट्रेडर की कंपनी?

सोल ट्रेडर म्हणजे धंदा आणि तुम्ही कायद्याने एकच. नफा सगळा तुमचा, तसंच देणंही तुमचंच. गिऱ्हाइकाने दावा लावला किंवा माल देणाऱ्याचे पैसे थकले, तर वसुली तुमच्या बचतीपर्यंत आणि वेळ आली तर घरापर्यंत पोचू शकते. लिमिटेड कंपनीत मधे भिंत असते, पण कंपनीज हाऊसकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीकडे, दरवर्षी हिशोब, कॉर्पोरेशन टॅक्स आणि बहुधा अकाउंटंटची फी हे सगळं मागे लागतं. माझं मत विचाराल तर नफा वीस-तीस हजार पौंडांच्या आत असेल आणि कामात मोठ्या नुकसानभरपाईचा धोका नसेल, तर सोल ट्रेडर म्हणूनच सुरू करावं. धंदा वाढला की कंपनी करता येते.

पहिली पायरी: तुमच्या व्हिसावर हे चालतं का?

नोंदणीच्या फॉर्ममध्ये एचएमआरसी तुमचा व्हिसा तपासत बसत नाही. त्यामुळे यूटीआर नंबर, म्हणजे एचएमआरसीने दिलेला करदात्याचा क्रमांक, मिळाला की परवानगी मिळाली असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. कर घेणारं खातं वेगळं आणि व्हिसा देणारं होम ऑफिस वेगळं. कर प्रामाणिकपणे भरलात तरी व्हिसाची अट मोडली असेल, तर ती मोडलीच.

ब्रिटिश नागरिक आणि आयएलआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेले, यांना काहीच अडचण नाही. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंट जोडीदाराला नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय, दोन्ही करता येतं. अपवाद व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करण्याचा. म्हणजे पैसे घेऊन मुलांना क्रिकेट शिकवायचं मनात असेल तर आधी चौकशी करा. ग्रॅज्युएट व्हिसावरही स्वयंरोजगार चालतो, खेळाची अट तिथेही तीच.

स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला साफ मनाई आहे. आठवड्याला २० तास काम करता येतं ते नोकरी म्हणून. फ्रीलान्स वेबसाइट करून देणं किंवा ऑनलाइन दुकान चालवणं त्यात बसत नाही. इंडिया यंग प्रोफेशनल्स व्हिसावर धंदा करता येतो, पण तीन अटींवर: जागा भाड्याची हवी, सामानसुमान ५,००० पौंडांपेक्षा महाग नको आणि पगारी माणूस ठेवायचा नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्किल्ड वर्करवाल्यांचा. हा व्हिसा स्पॉन्सरकडच्या ठरलेल्या नोकरीसाठी असतो. आठवड्याला २० तासांपर्यंत जास्तीचं काम करायची मुभा आहे, पण तिला अटी आहेत. वीकेंडची फोटोग्राफी त्यात आपोआप बसते असं धरून चालू नका. इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराला किंवा सॉलिसिटरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि 'धंदा बायकोच्या नावावर, काम मात्र नवरा करतो' ही युक्ती सर्रास सांगितली जाते, तिच्या नादी लागू नका. व्हिसाच्या अटी काम कोण करतंय ते बघतात, नाव कुणाचं लावलंय ते नाही.

कुणी तुम्हाला जबरदस्तीने 'सेल्फ-एम्प्लॉयड' करतंय का?

हा प्रश्न मुद्दाम घालतोय. काही मालक नव्याने आलेल्या माणसाला सांगतात, 'तू सेल्फ-एम्प्लॉयड म्हणून नोंदणी कर, मी तुला रोजचे पैसे देतो.' कामाची वेळ ते ठरवणार, युनिफॉर्म त्यांचा, सुट्टी मागायची तर त्यांना विचारायचं, तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवता येणार नाही. असं असेल तर ती नोकरीच आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. यात मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेंसाठी सरकारला द्यायची वर्गणी) वाचतो आणि तुमची पगारी रजा, आजारपणाचा पगार, किमान वेतनाचं संरक्षण जातं. खरा स्वयंरोजगार करणारा दर स्वतः ठरवतो, काम नाकारू शकतो, काम बिघडलं तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करतो. शंका असेल तर सरकारी संकेतस्थळावर 'चेक एम्प्लॉयमेंट स्टेटस फॉर टॅक्स' ही प्रश्नावली आहे, ती भरून बघा.

नाव

स्वतःच्या नावाने धंदा करा किंवा वेगळं नाव घ्या. सोल ट्रेडरच्या नावांची कुठे नोंदवही नाही. नावात लिमिटेड, एलटीडी, एलएलपी, पीएलसी असले शब्द नकोत आणि कुणाचा ट्रेडमार्क नको. कंपनीज हाऊस आणि इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी ऑफिस या दोन्हींच्या संकेतस्थळांवर फुकट शोध घेता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात: धंद्याचं नाव वेगळं असेल तर इन्व्हॉइसवर आणि पत्रांवर तुमचं स्वतःचं नावही छापावं लागतं.

एचएमआरसीकडे नोंदणी: कधी आणि कशी

इथलं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. एका करवर्षात धंद्यातून एकूण १,००० पौंडांपेक्षा जास्त पैसे आले, तर सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे दरवर्षी स्वतः रिटर्न भरून कर भरायच्या पद्धतीसाठी, नोंदणी करायची. हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नाही. समजा तुम्ही १,२०० पौंडांच्या राख्या आणि तोरणं विकली आणि सामानाला ८०० गेले. नफा ४०० चाच, तरी नोंदणी लागते. पण इथे एक गंमत आहे. खऱ्या खर्चाऐवजी सरसकट १,००० पौंडांची ट्रेडिंग अलाउन्स वजा करायची मुभा असते. मग कर ४०० वर न लागता २०० वर लागतो. दोन्हींपैकी एकच घेता येतं, म्हणून दरवर्षी दोन्ही गणितं मांडून बघायची. ही अलाउन्स माणशी असते. तुमचे दोन वेगळे छोटे धंदे असतील तर दोन्हींची विक्री एकत्र मोजायची.

मुदत मोठी आहे. जून २०२५ मध्ये सुरू केलेला धंदा २०२५-२६ मध्ये मोडतो. ते वर्ष ५ एप्रिल २०२६ ला संपतं आणि नोंदणीची शेवटची तारीख ५ ऑक्टोबर २०२६. तरीही वाट बघू नका असंच मी सांगेन, कारण टपालाने येणाऱ्या कागदांत वेळ जातो.

आधी नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. जीओव्ही डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडा, नसेल तर. सर्च इंजिनमध्ये वर दिसणारी, पैसे घेऊन नोंदणी करून देणारी संकेतस्थळं खासगी असतात, त्यांची गरज नाही. सोल ट्रेडर म्हणून नोंदणीचा पर्याय निवडून धंदा कधी सुरू केला, काय काम करता, पत्ता काय, एवढी माहिती भरायची. मग टपालाने दहा आकडी यूटीआर नंबर येतो. घर बदलण्याच्या बेतात असाल तर जिथे पत्र नक्की मिळेल असाच पत्ता द्या. ऑनलाइन सेवा चालू करायला कधी कधी वेगळा ॲक्टिव्हेशन कोडही टपालाने येतो, म्हणून हे काम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. पूर्वी दुसऱ्या कारणाने रिटर्न भरलं असेल तर यूटीआर तोच राहतो, पण धंद्याची नोंद नव्याने करावी लागते.

धंद्याप्रमाणे परवाने, आणि खाद्यपदार्थांचा वेगळा विचार

शिकवणी, डिझाइन, भाषांतर, हिशोबनिशी अशा कामांना सहसा परवाना लागत नाही. टॅक्सीला स्थानिक प्राधिकरणाचा परवाना, गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टर, रस्त्यावरच्या स्टॉलला स्ट्रीट ट्रेडिंगचा परवाना. इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन स्वतःच्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं तर ऑफस्टेड या शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे नोंदणी. मेंदीवाल्यांनी 'काळी मेंदी'पासून लांब राहावं. त्यातलं पीपीडी हे रसायन त्वचेवर वापरणं इथे बेकायदा आहे. बांधकामात ठेकेदाराखाली काम करणाऱ्यांनी सीआयएस या बांधकामातल्या कर-कपातीच्या योजनेत नाव घालावं. नोंदणी असेल तर ठेकेदार २० टक्के कापतो, नसेल तर ३० टक्के.

आता खाणं. डबे, फराळ, केक, पार्टीच्या ऑर्डर, घरातून असोत की व्हॉट्सॲपवरून, नियमित विकत असाल तर तो खाद्यव्यवसाय. धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक काउन्सिलकडे नोंदणी करायची. ती फुकट असते आणि नाकारली जात नाही. त्यानंतर तपासणी अधिकारी घरी येऊ शकतात. त्यांना पंचपक्वान्नं दिसायला नको असतात. फ्रिजचं तापमान, कच्च्या-शिजवलेल्याची वेगळी जागा, हात धुवायची सोय, घरातली मांजर ओट्यापासून लांब आहे का, आणि हे सगळं तुम्ही लिहून ठेवता का, एवढं ते बघतात. फूड स्टँडर्ड्स एजन्सीचं 'सेफर फूड, बेटर बिझनेस' हे तयार पुस्तक नोंदीसाठी पुरतं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ० ते ५ असं स्वच्छतेचं रेटिंग मिळतं, स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे. फूड हायजीनचा लेव्हल २ कोर्स कायद्याने सक्तीचा नसला तरी करून टाका. ऑनलाइन होतो आणि तपासणीला उपयोगी पडतो.

खरी काळजी ॲलर्जीची. इथल्या कायद्यात १४ ॲलर्जन सांगितले आहेत आणि आपल्या स्वयंपाकात त्यातले बरेच न बोलावता येतात. साधा पोह्यांचा चिवडा घ्या. शेंगदाणे यादीत आहेत, काजू आहेत, तीळ आहेत, आणि फोडणीतली मोहरीसुद्धा आहे. खोबरं आणि हरभऱ्याचं डाळं या यादीत नाही. पण हिंग? डबीवरची बारीक अक्षरं वाचा; बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे 'पोहे आहेत, ग्लुटेन नाही' असं बिनधास्त सांगितलंत तर ते खोटं ठरू शकतं, आणि समोरच्याला सिलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असेल तर प्रकरण साधं राहत नाही. फोनवर किंवा मेसेजवर ऑर्डर घेत असाल तर ॲलर्जनची माहिती पैसे घेण्याआधी मिळायला हवी आणि डबा पोचवतानाही. मंडळाच्या कार्यक्रमात आधीच बंद केलेली पाकिटं स्वतःच्या स्टॉलवर विकत असाल तर ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या 'नताशाज लॉ'प्रमाणे पाकिटावर पदार्थाचं नाव आणि सगळे घटक लिहावे लागतात, त्यातले ॲलर्जन ठळक करून. प्रत्येक पदार्थासाठी एक तक्ता एकदाच करून ठेवा. मसाल्याचा ब्रँड बदलला की तक्ता पुन्हा तपासायचा.

भाड्याच्या घरातून धंदा करताना घरमालकाची, आणि कर्जाच्या घरातून करताना कर्जाच्या अटींची चौकशी करून ठेवा.

बँक खातं आणि विमा

सोल ट्रेडरला वेगळं बँक खातं कायद्याने सक्तीचं नाही. पण कित्येक बँकांच्या वैयक्तिक खात्याच्या अटींत धंद्याचे व्यवहार चालत नाहीत, आणि खातं अचानक गोठलं तर घरभाडंही अडकतं. शिवाय किराणा, मुलांच्या शाळेची सहल आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच यादीत असले की वर्षअखेरीस निवडत बसा तांदळातले खडे. वेगळं खातं उघडाच.

लोकांच्या संपर्काचं काम असेल तर पब्लिक लायबिलिटी, सल्ल्याचं काम असेल तर प्रोफेशनल इन्डेम्निटी. हे दोन्ही बहुधा ऐच्छिक, पण हॉल भाड्याने देणारे आणि मोठे ग्राहक पहिल्यांदा तेच मागतात. गाडीतून डबे पोचवत असाल तर गाडीच्या विम्यात व्यावसायिक वापर घालून घ्या. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. हाताखाली पगारी माणूस ठेवलात, भले तो मावसभाऊ असो, तर किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा सक्तीचा आहे. तो नसला तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्या कामाच्या हक्काची तपासणी आणि पगाराचे नियम आणखी वेगळे.

गिऱ्हाइकांची माहिती साठवत असाल तर आयसीओ या डेटा संरक्षण कार्यालयाची वार्षिक फी, छोट्या धंद्याला ५२ पौंड, तुम्हाला लागू होते का ते त्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नावलीतून कळतं. फक्त स्वतःच्या हिशोबासाठी आणि जाहिरातीसाठी माहिती ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना ती माफ असते.

हिशोब

एप्रिल २०२४ पासून छोट्या धंद्यांना कॅश बेसिस ही पद्धत आपोआप लागू आहे. पैसे आले त्या दिवशी उत्पन्न, गेले त्या दिवशी खर्च. मार्चमध्ये काम केलं आणि पैसे १० एप्रिलला आले, तर ते पुढच्या वर्षात. एक स्प्रेडशीट, त्यात तारीख, कुणाकडून किंवा कुणाला, कशासाठी, किती. आणि प्रत्येक पावतीचा मोबाइलवर फोटो. दर रविवारी पंधरा मिनिटं दिलीत तर पुरतं. नोंदी रिटर्नच्या ३१ जानेवारीच्या मुदतीपासून पाच वर्षं जपायच्या.

खर्च कोणता चालतो? जो निव्वळ धंद्यासाठी झाला तो. सामान, जाहिरात, विमा, अकाउंटंटची फी, धंद्याचा प्रवास. फोन आणि इंटरनेट दोन्हीकडे वापरत असाल तर धंद्याचा रास्त हिस्सा. गिऱ्हाइकाला जेवायला नेलंत तर तो खर्च चालत नाही, आणि कार्यक्रमाला घातलेली पैठणीही नाही, तुम्ही निवेदिका असलात तरी. गाडीसाठी पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि त्यापुढे २५ पेन्स असा सरळ हिशोब लावता येतो. मात्र एकदा त्या गाडीला तो लावला की पेट्रोल, दुरुस्ती वेगळी दाखवायची नाही. घरून काम करत असाल तर महिन्याला २५ ते ५० तासांना १० पौंड, ५१ ते १०० तासांना १८ आणि त्याहून जास्त तासांना २६. रक्कम फारच किरकोळ आहे. घरात एक खोली बरीचशी कामालाच जात असेल तर भाडं आणि विजेचा प्रत्यक्ष हिस्सा काढून बघा, तो जास्त निघतो. आणि धंदा सुरू होण्याआधी घेतलेलं सामान वाया जात नाही. आधीच्या सात वर्षांतला योग्य खर्च पहिल्या दिवशी झाला असं धरता येतं.

पहिलं बिल

आता मूळ मुद्दा. धंदा हेच एकमेव उत्पन्न आहे आणि वर्षाचा नफा ३०,००० पौंड, असं समजा.

पहिले १२,५७० करमुक्त. उरलेल्या १७,४३० वर २० टक्के इन्कम टॅक्स: ३,४८६. त्याच १७,४३० वर ६ टक्के क्लास ४ नॅशनल इन्शुरन्स: १,०४५.८०. एकूण ४,५३१.८०. इतपत सगळ्यांना कळतं.

पण ३१ जानेवारीला खात्यातून ६,७९७.७० जातात. कारण बिल १,००० पौंडांच्या वर गेलं आणि ८० टक्क्यांहून जास्त कर आधीच कापलेला नसेल, तर पुढच्या वर्षासाठी दोन आगाऊ हप्ते भरावे लागतात, प्रत्येक हप्ता यंदाच्या बिलाच्या निम्मा. पहिला त्याच ३१ जानेवारीला, दुसरा ३१ जुलैला. म्हणून पहिल्या जानेवारीत दीडपट, आणि सहा महिन्यांनी आणखी २,२६५.९०. दुसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर येते, पण पहिल्या वर्षी भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. पुढच्या वर्षी नफा खरंच कमी होणार असेल तर हप्ते कमी करून मागता येतात. अंदाज चुकला तर फरकावर व्याज लागतं.

उपाय कंटाळवाणा आहे पण तोच आहे. बचत खातं वेगळं काढा आणि धंद्यात पैसे आले की खर्च वजा जाता उरलेल्यातला चौथा हिस्सा त्याच दिवशी तिकडे टाका. पहिल्या वर्षी ३० टक्के टाका.

नोकरी सांभाळून धंदा करणाऱ्यांचं गणित वेगळं. १२,५७० ची सूट पगारातच संपलेली असते, त्यामुळे नफ्याच्या पहिल्या पौंडापासून कर. पगार ४०,००० आणि नफा ६,००० असेल तर १,२०० पौंड कर. क्लास ४ लागत नाही, कारण त्यासाठी फक्त नफा मोजतात आणि तो १२,५७० च्या खाली आहे. पगार ५२,००० असेल तर त्याच नफ्यावर ४० टक्क्यांनी २,४००. चाइल्ड बेनिफिट घेणाऱ्यांनी ६०,००० वर डोळा ठेवावा, कारण पगार आणि नफा मिळून त्यापुढे गेलात की ते परत जायला लागतं. बाकी कर ३,००० पौंडांच्या आत असेल आणि रिटर्न ३० डिसेंबरपर्यंत ऑनलाइन भरलं, तर तो पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घ्यायची सोय आहे.

नफा फारच कमी असेल तर एक वेगळा निर्णय असतो. वर्षाचा नफा ६,८४५ पौंडांच्या वर असला की क्लास २ नॅशनल इन्शुरन्स भरल्यासारखा धरला जातो आणि स्टेट पेन्शनचं वर्ष जमा होतं. त्याखाली असाल आणि दुसरी नोकरी नसेल, तर स्वेच्छेने आठवड्याला ३.५० पौंड, म्हणजे वर्षाला १८२, भरता येतात. पूर्ण पेन्शनला साधारण ३५ वर्षं लागतात आणि किमान १० वर्षांशिवाय काहीच मिळत नाही. उशिरा इथे आलेल्यांसाठी याच्याइतकं स्वस्त पेन्शन दुसरं शोधून सापडणार नाही.

भारतातलं भाडं, एफडीचं व्याज? इथले कर-रहिवासी असाल तर जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं असतं. भारतात भरलेल्या कराची वजावट दोन देशांतल्या करारामुळे मिळते. एप्रिल २०२५ पासून, आधीची सलग दहा वर्षं बाहेर राहून नव्याने आलेल्यांना पहिल्या चार वर्षांसाठी सवलत मागता येते, पण ती मागितली की १२,५७० ची सूट जाते. मोठ्या रकमा असतील तर इथे अकाउंटंटची फी वसूल होते. भारताचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि इथलं ५ एप्रिलला, म्हणून तिकडचा फॉर्म १६ए जसाच्या तसा उतरवता येत नाही.

रिटर्नची ऑनलाइन मुदत ३१ जानेवारी, कागदी ३१ ऑक्टोबर. एक दिवस उशीर झाला तरी १०० पौंड दंड, कर शून्य असला तरीही. तीन महिन्यांनंतर रोज १० पौंड, जास्तीत जास्त ९० दिवस. कर भरायला पैसे नसतील तरी रिटर्न वेळेवर भरा आणि हप्ते बांधून मागा.

धंदा वाढला तर

कोणत्याही सलग १२ महिन्यांत व्हॅट लागू होणारी विक्री ९०,००० पौंडांपुढे गेली की व्हॅटची नोंदणी. हे बारा महिने करवर्षाचे नसतात, दर महिन्याला मागे वळून मोजायचे असतात. दुसरं म्हणजे मेकिंग टॅक्स डिजिटल. धंदा आणि घरभाडं मिळून वर्षाची ढोबळ जमा ५०,००० च्या वर असणाऱ्यांना एप्रिल २०२६ पासून, ३०,००० च्या वर असणाऱ्यांना एप्रिल २०२७ पासून आणि २०,००० च्या वर असणाऱ्यांना एप्रिल २०२८ पासून मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरने दर तिमाहीला आकडे पाठवायचे. नवा धंदा असेल तर आधी पहिलं रिटर्न भरलं जातं आणि त्यातल्या आकड्यावरून पुढचं ठरतं.

पैसे मागायची भीड

इन्व्हॉइसवर क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, काम काय आणि रक्कम हवी. पैसे किती दिवसांत द्यायचे तेही लिहा. गिऱ्हाईक कंपनी असेल आणि मुदत ठरलेली नसेल तर ३० दिवस धरतात. त्यापुढे उशिराला बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर ८ टक्के व्याज आणि १,००० पौंडांखालच्या बिलाला ४० पौंड भरपाई मागायचा हक्क कायद्याने आहे. घरगुती गिऱ्हाइकाला हे लागू नाही.

आणि आपलं बरंचसं गिऱ्हाईक घरगुतीच, त्यातही ओळखीचं. 'बघू नंतर', 'मंडळात भेटू तेव्हा देतो' यात महिने जातात. ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे घ्या, तारीख रद्द झाली तर किती परत मिळतील ते मेसेजमध्ये लिहून पाठवा. पहिल्यांदा अवघड वाटतं. ओळखीच्यांना सूट द्यायची असेल तर पूर्ण रक्कम लिहून सूट वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी तोच दर पक्का धरला जात नाही.

घरासाठी कर्ज काढायचा बेत असेल तर बहुतेक बँका दोन वर्षांची एसए३०२ (उत्पन्न आणि कराच्या हिशोबाचा कागद) आणि टॅक्स इयर ओव्हरव्ह्यू मागतात; दोन्ही एचएमआरसीच्या खात्यातून उतरवता येतात. बाळंतपणाचा विचार असेल तर मॅटर्निटी अलाउन्ससाठी प्रसूतीच्या तारखेआधीच्या ६६ आठवड्यांत किमान २६ आठवडे काम केलेलं लागतं, म्हणून नोंदणी लांबवू नका.

धंदा बंद केलात तर एचएमआरसीला तसं ऑनलाइन कळवा आणि शेवटचं रिटर्न भरा. नुसतं काम थांबवून भारतात परतलात, तर त्यांच्या लेखी धंदा चालूच असतो; रिटर्नची मागणी आणि १०० पौंडांच्या दंडाची पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहतात.